बुडालेल्या नावाड्याचा चेहरा

२ मार्च

मास्तरांनी आज नवं नाटक वाचून दाखवलं. स्वतःच लिहिलंय. जुन्या भयकथांच्या वळणाचं आहे. नदीकाठी दगडी घर, घरात एकटी राहणारी डॉक्टरीण. नदीत बुडालेल्या एका नावाड्याला ती तळघरात पुन्हा जिवंत करते. तो उठून बसतो. ती त्याचा चेहरा बघते, बाहेर येते आणि कडी लावून घेते. पुढचे दोन अंक तो आतून दार ठोठावतो.

चेहरा मी करायचा आहे. मास्तर म्हणाले, "रंगारी, बघणाऱ्याचा घसा कोरडा पडला पाहिजे." मी म्हातारे केले, राजे केले, भिकारी तर किती केले. राक्षस कधी केला नाही. वाचन चालू असतानाच हात शिवशिवायला लागले.

डॉक्टरणीचं काम ताईसाठी लिहिलंय हे कुणी सांगायची गरज नव्हती. मास्तर तिची वाक्यं तिच्याच पट्टीत वाचत होते. आमची मंडळी इतकी वर्षं माझ्या या थोरल्या बहिणीच्या खांद्यावर उभी आहे. मास्तर नुसते पडद्याची शिट्टी वाजवतात. वाचन झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. ताई कधी येईल, म्हणाले. मी म्हटलं, आराम करतेय.

४ मार्च

ताईबद्दल एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे परत लिहावं लागणार नाही. कानाखाली गाठ होती. ती काढताना चेहऱ्याची नसही गेली. जाईल, असं आधी सांगितलं होतं. पण सांगितलेलं वेगळं आणि पट्टी सुटल्यावर दिसलेलं वेगळं. उजवी बाजू उतरली. भुवई खाली आली, खालची पापणी सुटून लोंबायला लागली, ओठाचा कोपरा हनुवटीकडे ओढला गेला. तो डोळा मिटत नाही. त्यात थेंब घालावे लागतात, तरी पाणी गळत राहतं. प आणि म ओठांतून वाऱ्यासारखे निसटतात. चहा चमच्यानं पिते.

मी घरातले आरसे कामाला लागतात म्हणून कार्यशाळेत नेले. येणाऱ्याजाणाऱ्यांना दारातूनच वाटेला लावतो. शेजारीण फुलं घेऊन आली होती. फुलं ठेवून घेतली. ताई यातल्या कशावर काही बोलली नाही, म्हणजे तिला हेच हवं असणार. हल्ली तिला स्वच्छतेचं वेड लागलंय. चहाची किटली घासते, लख्ख करते, आणि घासून झाली तरी तोंडासमोर धरून बसून राहते. कशात तरी मन रमतंय हे काय कमी.

७ मार्च

नावाडी म्हणजे आमचा डोंगर. मंडळीचा सुतार. दारातून आत येताना वाकतो आणि बाहेर जाताना विसरतो. आजवर नाटकात त्यानं फक्त भिंती उभ्या केल्या. आता उंचीमुळे भूमिका मिळाली.

मुखवटा करायचा तर आधी नटाच्या चेहऱ्याचा साचा घ्यावा लागतो. त्याला आडवा निजवला. केसांना टोपी, भुवयांना व्हॅसलीन, नाकपुड्यांत दोन नळ्या, आणि वरून ओलं प्लॅस्टर. थोडा वेळ गप्प पडून राहायचं, एवढंच काम. पण प्लॅस्टर घट्ट होतं तसं गरम होतं आणि बाहेरचे आवाज लांब जातात. डोंगर एकदम उठला. दिसत काहीच नव्हतं. टेबल पाडलं, रंगांची मांडणी पाडली, आणि दोन्ही हातांनी तोंड ओरबाडत भिंतीला जाऊन धडकला. ती त्यानंच बांधलेली होती म्हणून टिकली.

तांब्याभर पाणी प्यायला. म्हणाला, "दादा, छपरावर चढवा, विहिरीत उतरवा. हे नको. आत कुणीच नसतं हो."

त्याला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, साच्याशिवाय करतो. कार्यशाळेत विग ठेवायचं लाकडी डोकं आहे. त्यावर नुसत्या अंदाजानं माती चढवायची आणि त्यावरून रबर ओतायचं. असं कधी केलं नाही. खाली कुणाचा तरी चेहरा असला की हाताला टेकायला काहीतरी असतं.

११ मार्च

पहिला चेहरा झाला. वाटलं होतं अडखळेन, पण हात पायाखालच्या वाटेनं जावं तसा गेला. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, विचार करावा लागला नाही. पाण्यात राहिलेलं मांस सैल पडणार, तर कुठे सैल पडणार, हे बोटांनाच कळत होतं.

मास्तर समोर उभे राहिले. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "हा जेवला का रे?"

मी म्हटलं, म्हणजे?

म्हणाले, "मला काय माहीत. याला बघितल्यावर पहिलं तेच मनात आलं."

१३ मार्च

राक्षस कशानं होतो? माझ्या धंद्याचा प्रश्न आहे, म्हणून चौघांना विचारायचं ठरवलं. चौथा मीच.

मास्तरांचं उत्तर तयार होतं. ज्याला आपण एकदा निरोप देऊन बसलो आणि तरी जो परत येतो, तो राक्षस. डोंगर म्हणाला, उंचीनं. बसमध्ये त्याच्या शेजारची जागा नेहमी रिकामी राहते. पण त्याची तक्रार नाही, पाय पसरता येतात.

वाचनालयातून भयकथांचा गठ्ठा आणलाय. दुपारी ताईला वाचून दाखवतो. तिला सोबत होते आणि माझा अभ्यास होतो. या पुस्तकांत घरं फार मोठी असतात आणि माणसं फार थोडी. एक फिकट माणूस, एक म्हातारा नोकर, आणि वरच्या मजल्यावर कुणीतरी, ज्याचा आवाज येतो. वर्णनं उतरवून घेतली: डोळे, दात, कातडीचा रंग. ताईला विचारलं, तुला काय वाटतं, राक्षस कशानं होतो?

ती म्हणाली, "किल्ल्या कुणाच्या खिशात असतात ते बघ."

मी म्हटलं, मी चेहऱ्याचं विचारतोय. ती म्हणाली, मी पण.

गाठीच्या आधी ती अशी मुद्दा सोडून बोलत नसे. औषधांनी होत असेल.

१७ मार्च

दुसरा चेहरा. कपाळावर टाके, लांब दात, गालांवर शेवाळाचा हिरवा रंग. मास्तर म्हणाले, "सज्जन माणसाला दात बसवलेत." सगळं खरवडून काढलं. खाली पुन्हा तोच चेहरा, आणि या वेळी तर मलाच त्याला उघडं ठेवणं जिवावर आलं. ओलं फडकं टाकलं.

घरी निघताना मास्तर जिन्यापर्यंत आले. एरवी ते कुणाला जिन्यापर्यंत सोडत नाहीत. डॉक्टरणीसाठी त्यांनी दुसरं कुणी बघितलेलं नाही. ती बसून बोलेल, उजेड कमी ठेवू, वाक्यं बदलू, तिला हवं तसं करू; पण तिला एकदा विचार, म्हणाले. मी म्हटलं, विचारलं, नाही म्हणते.

विचारलं नव्हतं. पण नाटकाचं काम ऐकून तिचे डोळे आधी चमकणार आणि मग तिला स्वतःच्या तोंडानं नाही म्हणावं लागणार. ते बघणं मला झेपलं नसतं. मी तिचा एक त्रास वाचवला.

येताना तिच्यासाठी मऊ बिस्किटं आणली. चघळावी लागत नाहीत.

२१ मार्च

काय लिहू.

कार्यशाळेला रंग देताहेत, म्हणून चेहरा घालून बघायला डोंगरला घरी बोलावलं. तो यायच्या आधी ताईला सांगितलं, आत बस, पाहुणा आहे. तिच्या खोलीचं दार लावलं आणि रेडिओ लावला. डोंगर आला. चेहरा चढवला, कडा चिकटवल्या. चेहरा बसला छान. मी गोंदाची दुसरी बाटली शोधायला गच्चीवरच्या खोलीत गेलो. परत येतो तर बैठकीत कुणी नाही.

दोघं स्वयंपाकघरात होते.

डोंगरला पाणी हवं होतं, आणि तो माणूस पाणी हवं असलं की स्वयंपाकघर शोधतो. त्याला कोण अडवणार? ताई ओट्याशी उभी होती. रेडिओला कंटाळून बाहेर आली असणार. मी दारात पोचलो तेव्हा तिनं त्याला खुर्चीवर बसवलं होतं आणि चमच्यानं चहा पाजत होती, कारण रबराचा ओठ लोंबत होता आणि कपानं प्यायला लागला की सगळं हनुवटीवरून शर्टात जात होतं. ती त्याला शिकवत होती: डोकं डावीकडे कर, चमचा आत जाऊ दे, आता गीळ. स्वतः एक चमचा पिऊन दाखवायची, मग त्याला द्यायची. तो चुकला की दोघं हसायचे. ताईचं हसू अर्ध्याच चेहऱ्यावर येतं. मला ते ठाऊक नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर मी तिला हसताना बघितलंच नव्हतं.

मला बघून डोंगर उठायला लागला. ती म्हणाली, बस, कप संपव.

जाताना त्यानं दारात चप्पल घातली आणि अगदी सहज, ऐकू येईल असं म्हणाला, "ताई, या लवकर. तुम्ही नाही म्हणालात तेव्हापासून मास्तर स्वतःच डॉक्टरीणबाई होतात तालमीत. मिशीसकट. आम्हाला भीती वाटायची तर हसूच येतं."

त्याच्यावर मला रागावता येत नाही. तो कधीच रागावण्यासारखं काही करत नाही.

ताई कप विसळत राहिली.

२२ मार्च

सकाळी उठलो तर ताई टेबलाशी बसली होती. समोर लाकडी डोकं, त्यावर नावाडी. मला म्हणाली, "बाळ्या, आरसा आण." मी म्हटलं, कशाला. म्हणाली, आण.

दाढीचा छोटा आरसा मी माझ्या कपाटात कपड्यांच्या मागे ठेवतो. तो आणला. तिनं खुर्ची सरकवून स्वतःचा चेहरा नावाड्याच्या शेजारी आणला आणि दोन्ही मावतील असा आरसा धरला. उजवी भुवई. खालची पापणी. ओठाचा कोपरा कुठून वळतो ते. नाकाशेजारची घडी जिथे पुसून गेली, ती जागासुद्धा.

मी म्हटलं, ताई, शपथ सांगतो, मला माहीत नव्हतं. म्हटलं, आत्ता मोडून टाकतो.

"हात लावून बघ," ती म्हणाली. "चांगला झालाय. मास्तरांना याची भीती नाही ना वाटत?"

"नाही."

"मला पण नाही वाटली. याला बघून मला पहिल्यांदा कळलं, आपण एवढे काही वाईट दिसत नाही." तिनं आरसा पालथा ठेवला. "आता सांग, मास्तरांना मी काय म्हणाले?"

मी सगळं सांगितलं. तिनं आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती ऐकत होती आणि रुमालानं डोळा टिपत होती. तो डोळा नेहमीच गळतो, तेव्हा ती रडत होती की नाही ते मला कळलं नाही. मी म्हटलं, लोक बघतील ताई.

"लोक तिकीट काढतात ते बघायलाच."

"हसले तर?"

"हसतील. तुझ्या हसण्यापेक्षा बरं."

मी तिच्यावर कधी हसलो? असं काही तिनं मनात धरावं याचं मला फार वाईट वाटलं. तसं म्हणालो. तिनं रुमालाची घडी घातली. मग अगदी हळू, एकेक शब्द नीट जुळवत म्हणाली, "माझ्या खोलीत शिरताना तू दारात थांबतोस. एक हसू लावतोस. मग आत येतोस. ते हसू बघितलं ना, की मला वाटतं मी मेले आणि मला कुणी सांगितलं नाही."

दुपारी दाढी करताना मी ते हसू करून बघितलं. साधं हसू आहे. कुणीही आजारी माणसाकडे बघून हसेल तसं.

२५ मार्च

ताई तालमीला आली. रस्त्यात मी तिच्या उजव्या बाजूनं चालत होतो, म्हणजे समोरून येणाऱ्याला एकदम दिसू नये. ती दोनदा माझ्या पुढे गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "अरे, मला दुकानं तरी दिसू दे."

मास्तर तिला बघून उभे राहिले. खिशातून चष्मा काढला, पुसला, परत खिशात ठेवला. मग म्हणाले, "उशीर केलास. मी या कामात चांगला रुळलो होतो."

ताई म्हणाली, ऐकलंय, मिशीसकट.

मंडळी हसली. मग तालीम सुरू झाली, आणि प, ब, म आले की वाक्य मोडत होतं. मास्तरांनी शब्द बदलू का विचारलं. तिनं नाही म्हटलं. ओठाचा कोपरा बोटानं उचलून धरून ती ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

४ एप्रिल

पहिल्या अंकाचा शेवट आज बसला. मास्तरांनी लिहिलंय की नावाडी उठून बसतो आणि डॉक्टरीण किंकाळी फोडून पळते. ताईनं किंकाळी फोडली नाही. तिनं त्याला नीट बघितलं. मग हसली. जवळ गेली, त्याच्या अंगावरची चादर सारखी केली, म्हणाली, "पड जरा. मी आहे ना." आणि चवड्यांवर चालत बाहेर आली, आवाज होऊ न देता दार ओढलं, आणि कडी घातली.

दिवेवाला दिवा कमी करायचा विसरला. डोंगर आतून म्हणाला, मास्तर, मी येऊ का बाहेर? मास्तर म्हणाले, असंच ठेवू. चेहराही आहे तोच ठेव रंगारी, काही करू नकोस.

मला अजून कळलेलं नाही त्यात सगळ्यांना एवढं काय भयंकर वाटलं. ती किती मायेनं दार लावते. उलट किंकाळीच बरी होती, असं माझं मत. ताईला विचारलं, हे कुठून सुचलं? म्हणाली, "घरात बसून."

१२ एप्रिल

पहिला प्रयोग.

रंगायला ताई माझ्या खुर्चीत बसली. समोर मोठा आरसा, भोवती दिवे. मी पावडर, रंग, ब्रश मांडत बसलो. ब्रश दोनदा धुतले. शस्त्रक्रियेनंतर मी तिच्या उजव्या गालाला हात लावला नव्हता. थेंबसुद्धा ती स्वतःच घालते. एक पट्टी लावून गाल वर खेचता येतो, रंगानं पापणीची कड चोरता येते. मी तसं सुचवलं. ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाला करशील तसं कर. उगाच हळू हात लावू नकोस, मोडत नाही मी."

म्हणून केलं. गाल मऊ होता आणि गरम होता. यापेक्षा थंड असेल असं मला का वाटत होतं कोण जाणे. पापणीशी पोचलो तेव्हा तिनं डावा डोळा मिटला, उजवा उघडाच, आणि त्या उघड्या डोळ्यानं ती माझ्याकडे बघत राहिली. मलाही तिच्याकडे बघतच काम करावं लागलं. इतक्या जवळून, इतका वेळ, कधी बघितलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "बघ, आज दारात नाही थांबलास."

आमच्यात पडदाही मीच ओढतो. माणसं कमी आहेत. पडदा वर केला. ती एकटी मंचावर, पहिलं मोठं भाषण. डोंगर माझ्याशेजारी विंगेत, नावाड्याचा चेहरा चढवून, प्रवेशाची वाट बघत होता.

दुसऱ्याच वाक्यात ओठ फसला. शब्द फुटला आणि नुसती हवा आली. मागून कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी.

ती थांबली.

माझा हात दोरीवर होता. खुंटीवरचा वेढा मी कधी सोडवला ते कळलंच नाही. एक हिसका, की पडदा खाली. पुढे येऊन काय सांगायचं तेही तयार होतं: अचानक प्रकृती बिघडली, क्षमस्व. घरी नेलं असतं. चहा करून दिला असता. कुणीही तिच्याकडे बघितलं नसतं.

ताईनं डॉक्टरणीच्या खिशातून रुमाल काढला. ओठाचा कोपरा पुसला, घाई न करता, जणू डॉक्टरीण रोज हेच करते. मागच्या रांगांकडे बघितलं. आणि ते वाक्य पहिल्यापासून, सावकाश, पुन्हा म्हणाली.

माझ्या हातावर एक हात आला. फार मोठा. मी वळून बघितलं तर तो चेहरा अगदी जवळ होता, उतरलेली भुवई, लोंबती पापणी, आणि आतून डोंगरचे डोळे. त्यानं माझी बोटं एकेक करून दोरीवरून सोडवली, दोरी खुंटीला परत गुंडाळली, नीट, सुतारासारखी.

"राहू द्या दादा," तो कानाशी म्हणाला. "त्यांचं चाललंय."

त्यांचं चाललं होतं. मागे कुणी हसत नव्हतं.

१३ एप्रिल

ताई दुपारी बाहेर गेली. कुठे ते सांगितलं नाही. जिन्यात शेजारीण भेटली असावी, दोघींचं बोलणं बराच वेळ ऐकू येत होतं, मग पावलं खाली गेली.

मी विचारलं नाही. विचारायचं होतं.